वापरलेल्या रायफल पुंगळ्या पुन्हा मापात आणणे: नाशिकहून ठेवलेल्या प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

प्रश्न भाच्याचा आहे आणि तो अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातून आला आहे. तेथे तो .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या बोल्ट ॲक्शन (प्रत्येक बारासाठी हाताने बोल्ट मागे-पुढे करायच्या) रायफलने नेमबाजीचा सराव करतो आणि स्वतःपुरती काडतुसे घरी भरतो. वैयक्तिक वापरासाठी असे करण्यास तेथील केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. गोळी झाडल्यावर हाती उरणारी पितळी पुंगळी दाबाने फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसण्याच्या पोकळीच्या, भिंतींना टेकलेली असते, आणि पुन्हा भरण्यापूर्वी तिला पोलादी डायमध्ये दाबून थोडी लहान करावी लागते. या कामाला तिकडे साईजिंग म्हणतात. पुंगळीचे अंग जेथे उतरते होत अरुंद होते तो तिचा खांदा, आणि त्यापुढचा गोळी धरणारा अरुंद भाग म्हणजे मान. त्याची अडचण त्याने फोनवर एका दमात सांगितली: “मामा, डाय तीच, प्रेस तोच, सेटिंग तेच, आणि तरी खांद्याचं माप दर पुंगळीला वेगळं येतं.”

माझे आयुष्य सातपूरच्या टूलरूममध्ये प्रेस टूल आणि ड्रॉ डाय करण्यात गेले, त्यामुळे प्रश्न ऐकताच हाताला ओळखीचा वाटला. मात्र येथे काय करायचे आणि काय करायचे नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो. आपल्याकडील शस्त्र अधिनियम १९५९ नुसार काडतुसांचे सुटे भाग आणि काडतुसे बनवण्याची यंत्रसामग्री हीसुद्धा दारूगोळ्याच्या व्याख्येत येते, आणि उत्पादनाला कलम ५ खाली परवाना हवा. तो माझ्याकडे नाही आणि मला नकोही आहे. तेव्हा नाशिकमध्ये या प्रकल्पात एकही पुंगळी, प्रायमर (बुडात बसणारी, ठिणगी देणारी टोपी) किंवा पुंगळीच्या आकाराची डाय येणार नाही. पुंगळ्या, डाय आणि त्यांची मापे ही सगळी भाच्याच्या बाजूला. माझ्या बाजूला साध्या पितळी नळीचे तुकडे, सरळ गोल भोकाची एक रिंग, मायक्रोमीटर आणि हिशेब. धातू दोन्हीकडे एकाच स्वभावाचा असल्यामुळे एवढ्यावर काम भागेल असा माझा विश्वास आहे.

१८ फेब्रुवारी २०२४

आजचा दिवस फक्त मापांचा होता. .३०८ विंचेस्टर हे काडतूस १९५२ मध्ये बाजारात आले. त्याच्या पुंगळीच्या बुडाशी, कडेच्या जरा वर, व्यास ११.९६ मिमी, खांद्यापाशी ११.५३ मिमी आणि मानेपाशी ८.७२ मिमी, खांद्याचा उतार एका बाजूने २० अंश. हे काडतूस चेंबरमध्ये पुढच्या बाजूला खांद्यावर टेकून बसते. म्हणून बुडापासून खांद्यापर्यंतचे अंतर हे या कामातले कळीचे माप ठरते. खांदा उतरता असल्याने तो नेमका कोठे मोजायचा हे ठरवावे लागते, आणि ठरलेली जागा म्हणजे खांद्याचा व्यास जेथे १०.१६ मिमी, अर्थात ०.४०० इंच भरतो तेथली काल्पनिक रेषा. चेंबर तपासण्याच्या ‘गो’ गेजमध्ये (ज्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे) हे अंतर ४१.४० मिमी असते आणि ‘नो-गो’ गेजमध्ये (ज्यावर तो बंद होता कामा नये) ४१.५० मिमी. सगळा खेळ या दशांश मिलिमीटरच्या आत चालतो.

भाच्याकडे व्हर्नियरच्या जबड्याला लावायचा कंपॅरेटर आहे, म्हणजे १०.१६ मिमी भोकाचा एक तुकडा, जो खांद्यावर बसतो. अशा तुकड्याच्या भोकाची कड किंचित गोलावलेली असली तरी वाचन सरकते, म्हणून त्याचे आकडे आम्ही केवळ आपसांत तुलना करण्यासाठी वापरणार आहोत. गेजच्या आकड्यांशी ते जुळवून पाहणार नाही. त्याला दोन गोष्टी बजावल्या. पहिली, वापरलेला प्रायमर आधी काढायचा आणि मगच मोजायचे, कारण प्रायमर बुडाच्या पातळीच्या केसभर जरी वर असला, तरी वाचन तेवढे वाढते. दुसरी, पायाभूत माप एकदाच झाडलेल्या पुंगळीवरून घ्यायचे नाही. नवी पुंगळी चेंबरपेक्षा बरीच आखूड असते आणि पहिल्या बारात ती पूर्ण लांबीला पोहोचेलच असे नाही. दोन-तीनदा झाडलेल्या आणि बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा भाग, बंद करताना किंचित अडणाऱ्या पुंगळ्या घेतल्या, म्हणजे चेंबरची खरी लांबी हाती लागते.

रात्री उशिरा त्याचे आकडे आले. चेंबरएवढ्या झालेल्या पुंगळ्या ४१.४३ मिमीला स्थिर आहेत. डायमधून काढलेल्या पुंगळ्या मात्र ४१.३३ पासून ४१.४५ पर्यंत पसरलेल्या आहेत. म्हणजे काही पुंगळ्या दाबल्यानंतर झाडलेल्या पुंगळीपेक्षाही लांब झाल्या आहेत! नवख्या माणसाला हे उलटे वाटेल. पण डाय आधी पुंगळीचे अंग दाबते, दबलेल्या धातूला जायला जागा फक्त पुढे असते, आणि डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भिडेपर्यंत तो पुढे सरकलेला असतो. शेवटच्या टप्प्यात डायने त्याला पुरेसे मागे रेटले नाही, तर पुंगळी मूळ मापाहून लांब राहते आणि बोल्ट बंद करायला जोर लागतो.

पुंगळीचा खांदा मागे रेटण्याचे जे प्रमाण बोल्ट ॲक्शन रायफलसाठी सामान्यतः योग्य मानतात, ते एक ते तीन थाउ आहे. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. आम्ही दोन थाउ, म्हणजे ०.०५ मिमी धरले. त्यामुळे लक्ष्य ठरले ४१.३८ मिमी.

३ मार्च २०२४

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा टूलरूमचा जुना नियम आहे आणि मी भाच्याला तोच घालून दिला. पहिला संशय डायच्या आतल्या गोळीवर घेतला. साईजिंग डायमध्ये मधोमध एक दांडी असते, तिच्या टोकाची पिन प्रायमर बाहेर ढकलते आणि तिच्यावरची पोलादी गोळी पुंगळी बाहेर येताना मानेतून ओढली जाऊन मानेचा आतला व्यास ठीक करते. ही गोळी घट्ट असली किंवा मान आतून कोरडी असली, की ओढताना मान आणि तिच्यामागून खांदाही वर खेचला जातो. त्याने गोळी काढून ठेवली आणि तीच खेप पुन्हा मोजली. वरचे टोक ४१.४५ वरून ४१.४२ वर आले. खालचे टोक हलले नाही.

म्हणजे थोडा दोष गोळीचा होता, पण मुख्य नाही. मानेचा आतला व्यास यापुढे तो वेगळ्या टप्प्यात मँड्रेलने, म्हणजे वरून आत ढकलायच्या सरळ दांडीने करणार आहे. त्यात ढकलण्याचा जोर खांद्यावर बुडाच्या दिशेने येतो आणि मान सरळ राहण्याची शक्यता जास्त.

दुसरा संशय वंगणावर. वंगण कमी पडले की पितळ डायला चिकटते, ओरखडे पडतात आणि कधी पुंगळी डायमध्येच अडकते. जास्त झाले की ते खांद्यापाशी साचते आणि द्रव दबत नसल्यामुळे खांद्यावर खळगे पडतात. तो एक भाग लॅनोलिन आणि बारा भाग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल असे मिश्रण फवारतो. अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत थांबायचे आणि मगच दाबायचे, एवढी सुधारणा सुचवली. त्याने ती केली. आकड्यांत सांगण्यासारखा फरक पडला नाही, पण दांडा ओढायला लागणारा जोर सारखा झाला असे तो म्हणतो, आणि हा सारखेपणा मला पुढे उपयोगी पडणार आहे.

१० मार्च २०२४

आज माझ्या बाजूचे काम सुरू झाले. भांडी बाजारातल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून ७०:३० पितळाची, १२ मिमी बाहेरच्या व्यासाची ओढीव नळी चाचणी प्रमाणपत्रासह मागवली होती, ती मिळाली. काडतुसांचे पितळ याच प्रमाणाचे असते, ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त, कारण या प्रमाणात पितळ सर्वांत जास्त ओढले जाते आणि तरी फाटत नाही. बाजारात सहज मिळणारे पितळ ६३:३७ प्रमाणाचे असते. पण या चाचणीला ते चालले नसते.

एचसीएचसीआर (जास्त कार्बन आणि जास्त क्रोमियमच्या) पोलादाची रिंग लेथवर केली, कडक करून घेतली आणि भोक ११.८५ मिमीला लॅप केले. नळीचे बोटभर तुकडे कापून, कडा साफ करून, लॅनोलिन लावून ते आर्बर प्रेसने या रिंगमधून पार करायचे आणि बाहेर आल्यावर व्यास मोजायचा, एवढीच चाचणी आहे. रिंगच्या भोकापेक्षा तुकडा जेवढा मोठा निघेल तेवढा त्याचा स्प्रिंगबॅक.

हिशेब आधी मांडला, कारण आकडा काय यावा हे ठाऊक नसताना केलेले मोजमाप मला आवडत नाही. धातू दाबाखाली असताना त्याच्या एकूण बदलातला काही भाग लवचिक असतो आणि दाब सुटताच तो परत येतो. तो भाग ढोबळमानाने धातूच्या यील्ड ताकदीला (ज्या ताणापुढे त्याचा आकार कायमचा बदलतो त्याला) त्याच्या लवचिकतेच्या गुणांकाने भागले की मिळतो. पितळाचा गुणांक सुमारे ११० गिगापास्कल, आणि तो पितळ मऊ असो वा कडक, जवळजवळ तोच राहतो. यील्ड ताकद मात्र कमालीची बदलते: पूर्ण मऊ केलेल्या ७०:३० पितळाची शंभराच्या आसपास मेगापास्कल, तर थंड ओढून कडक केलेल्याची चारशेच्या वर. म्हणजे १२ मिमी व्यासावर मऊ तुकडा ०.०१ ते ०.०२ मिमी परत यावा आणि कडक तुकडा ०.०४ ते ०.०५ मिमी. एकाच रिंगमधून, एकाच वंगणाने, एकाच हाताने.

२४ मार्च २०२४

उद्या धुळवड असल्यामुळे अंबडचे कारखाने बंद राहतील, म्हणून मित्राच्या मफल फर्नेसमध्ये (बंद विद्युत भट्टीत) ठेवलेले तुकडे आजच आणले. अर्धे तुकडे ५०० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवून मऊ केलेले आहेत आणि अर्धे बाजारातून आले तसे कडक.

कडक तुकडे रिंगमधून ११.८९ ते ११.९० मिमीचे निघाले. मऊ तुकडे ११.८६ ते ११.८७. हिशेब आणि मायक्रोमीटर यांचे एकमत झाले.

त्यानंतरची चाचणी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती पुंगळीच्या आयुष्याच्या जवळ जाते. पुंगळी प्रत्येक बाराला फुगते आणि प्रत्येक साईजिंगला दबते, आणि हे चक्र चालूच राहते. म्हणून एका मऊ तुकड्यात किंचित निमुळता प्लग रेटून तो १२.०५ मिमीपर्यंत फुगवला, मग रिंगमधून पार केला, मोजला, पुन्हा फुगवला, पुन्हा पार केला. पहिल्या फेरीत तो ०.०१५ मिमी परत आला. दुसऱ्या फेरीत थोडा जास्त, तिसऱ्यात त्याहून जास्त, आणि ही वाढ हळूहळू मंदावत ०.०३ च्या जवळ गेली. रिंग बदलली नव्हती, प्रेस बदलला नव्हता. बदलला होता तो पितळाचा कडकपणा. प्लग आत रेटताना हाताला लागणारा जोरही फेरीगणिक वाढत होता, आणि शेवटच्या फेऱ्यांत तुकडा रिंगमधून सुटताना टक् असा कोरडा आवाज करू लागला, जो पहिल्या फेरीत मुळीच नव्हता.

भाच्याला एवढेच विचारले, की मोजलेल्या खेपेतल्या सगळ्या पुंगळ्या सारख्याच वेळा झाडलेल्या आहेत का. नाहीत. दोन डबे एकत्र झाले होते. एक दोनदा झाडलेल्यांचा, दुसरा बऱ्याच जुन्या पुंगळ्यांचा. सुदैवाने दोन्ही डब्यांतल्या पुंगळ्यांच्या बुडावरचे शिक्के वेगळे आहेत, त्यामुळे त्या निवडता येतील.

३० मार्च २०२४

निवडून मोजलेले आकडे आले. तरुण डबा ४१.३३ ते ४१.३६. जुना डबा ४१.३८ ते ४१.४२. पसाऱ्याचे दोन सुबक ढीग झाले. जुन्या पुंगळ्यांचा खांदा डायमध्ये तेवढाच मागे रेटला जातो, पण डायमधून सुटताच जास्त पुढे येतो. शिवाय कडक पुंगळी दाबायला जास्त जोर लागतो, त्या जोराने प्रेसची चौकट किंचित ताणली जाते, आणि डाय तेवढी वर उचलली जाते. दोन्ही परिणाम एकाच दिशेने जातात, आणि म्हणूनच फरक एवढा मोठा दिसतो.

यावर सोपा उपाय जुन्या पुंगळ्यांसाठी डाय थोडी खाली घेण्याचा आहे, आणि पुष्कळ लोक तो करतात. मला तो पसंत नाही. पुंगळ्या बाराबाराला कडक होत जाणार, आणि आपण डाय त्यांच्यामागे धावत खाली घेत राहणार. शेवटी कडक झालेली मान एखाद्या दिवशी तडकते. सेटिंगने नव्हे, तर धातूच पूर्ववत करून हा प्रश्न सोडवायला हवा.

७ एप्रिल २०२४

जुन्या नाशकात भांडी बाजारालगत तांबटकामाचे एक जुने दुकान आहे, तेथे आज दुपार घालवली. काका घागरीच्या तोंडाची कड वळवत होते. ठोकून ठोकून कड ऐकेनाशी झाली, की ते घागर भट्टीवर धरतात, फुंकणी सुरू करतात आणि रंगाकडे पाहत राहतात. आधी पृष्ठभागावर काळसर छटा फिरते, मग काळ्याखालून अंधुक लाल उमटतो, आणि तो दिसला न दिसला तोच घागर बाजूला होते. दुकानात दिवा लावत नाहीत, कारण उजेडात तो पहिला लाल दिसत नाही. “भाऊ, लाल दिसला की माल मऊ झाला, मग पाण्यात टाका नाहीतर जमिनीवर ठेवा, मऊ तो मऊच.” त्यांनी घागर पाण्यात बुडवली, काढली आणि तिच्यावर बोटाने टिचकी मारली. भट्टीवर जाण्याआधी तीच कड खणखणत होती. आता आवाज बसलेला होता.

लोखंडाला पाणी दिले की ते कडक होते, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे, की पितळालाही ती लावली जाते. पितळ ठोकल्याने, ओढल्याने, दाबल्याने कडक होते आणि तापवल्याने मऊ. पाण्याचा त्यात काही वाटा नाही. पुंगळ्यांच्या कामात पाणी वापरतात ते उष्णता बुडाकडे सरकू नये एवढ्यासाठी.

आणि हा ‘बुडाकडे सरकू नये’ मुद्दा घागरीत नाही, पण पुंगळीत जिवाचा आहे. .३०८ विंचेस्टरसाठी अमेरिकेतल्या प्रमाणक संस्थेने ठरवलेली कमाल दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून अधिक. पुंगळीच्या अंगाला चेंबरच्या पोलादी भिंतींचा आधार असतो, म्हणून पातळ असूनही ते टिकते. बुडाचा थोडा भाग मात्र चेंबरच्या बाहेर, बोल्टच्या तोंडाशी असतो, आणि तेथे पितळाला स्वतःच्या ताकदीवर उभे राहावे लागते. कारखान्यात तो भाग मुद्दाम कडक ठेवतात. तो मऊ झालेली पुंगळी फाटली, तर तापलेला वायू मागे येतो, जेथे नेमबाजाचा चेहरा असतो. भाच्याला मी हे फोनवर सांगून थांबलो नाही, लिहूनही पाठवले: मान आणि खांदा यांच्यापलीकडे आच जाता कामा नये, आणि गेल्याची शंका जरी आली, तरी ती पुंगळी चेपून मोडीत टाकायची.

२१ एप्रिल २०२४

तिकडचे अॅनिलिंग, म्हणजे पितळ तापवून मऊ करणे, पार पडले. पद्धत अशी ठरवली होती. पुंगळी एका फिरत्या खाचेत उभी, गॅसची निळी ज्योत मानेच्या आणि खांद्याच्या जोडावर, आणि काही सेकंदांनी पुंगळी खाली पडेल अशी व्यवस्था. वेळ ठरवण्यासाठी ठराविक तापमानाला वितळणारा रंग वापरला. मानेच्या आत सुमारे ४०० अंश सेल्सिअसचा आणि खांद्याच्या खाली अंगावर सुमारे २४५ अंशांचा. वरचा वितळला पाहिजे, खालचा वितळता कामा नये. थोड्या वेळापुरते २५० अंशांच्या आत राहिलेल्या पितळाच्या कडकपणात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे खालचा रंग शाबूत असणे ही बूड सुरक्षित असल्याची खूण आहे. आधी टाकाऊ पुंगळ्यांवर वेळ बसवली, खोली अंधारी करून मानेवरचा पहिला अंधुक लाल पाहिला, आणि त्याच्या जरा अलीकडची वेळ कायम केली. ज्योतीचा रंग नारिंगी होऊ लागला की आच जास्त झाली असे समजावे. तोवर थांबणे म्हणजे फार उशीर.

आजच्या नोंदीत लिहायचे समाधान हे, की दोन्ही डबे पुन्हा एकत्र केले, कोणत्याही सेटिंगला हात न लावता दाबले, आणि सगळ्या पुंगळ्या ४१.३२ ते ४१.३५ मध्ये आल्या. ०.०९ मिमीचा पसारा ०.०३ वर आला.

५ मे २०२४

आता कुठे डाय लावण्याची वेळ आली. धातू सारखा झाल्यावर खेपेची सरासरी ४१.३३५ च्या आसपास आहे आणि आपल्याला ४१.३८ हवे आहे. म्हणजे सध्या पुंगळ्या गरजेपेक्षा ०.०४५ मिमी जास्त दाबल्या जात आहेत. डाय खाली पुंगळी धरणाऱ्या होल्डरला टेकेपर्यंत आणि वर थोडी घट्ट, अशी सूचना डायसोबतच्या कागदावर असते आणि ती प्रत्येक चेंबरमध्ये काडतूस बसलेच पाहिजे या हिशेबाने दिलेली असते. आपल्याला एकाच चेंबरमध्ये बसवायचे आहे.

या डायच्या बाहेरचे आटे ७/८ इंच व्यासाचे आणि इंचाला १४ असतात. एका पूर्ण फेऱ्यात डाय १.८१४ मिमी सरकते, म्हणून ०.०४५ मिमीसाठी फक्त ९ अंश उलटे फिरवायचे. हाताला ९ अंश कळत नाहीत. पण ३२ मिमी व्यासाच्या लॉक रिंगच्या परिघावर ते सुमारे २.५ मिमी होतात, आणि ते मार्करच्या दोन रेघांनी सहज दाखवता येतात. आट्यांतला ढिलेपणा मात्र हे गणित खाऊन टाकू शकतो. म्हणून लॉक रिंग कसताना डायमध्ये एक पुंगळी घालून दांडा दाबून धरायचा, म्हणजे डाय वरच्या बाजूला रेटली गेलेली असते, जशी ती प्रत्यक्ष कामात असते, आणि त्याच स्थितीत रिंग कसायची. ड्रॉ डाय बसवताना आम्ही नेमके हेच करीत असू.

आणखी एक सूचना दिली: दांडा पूर्ण दाबल्यावर तीन-चार सेकंद धरून ठेवायचा. धातूला त्या स्थितीत थोडा वेळ मिळाला की परत येणे कमी आणि सारखे होते.

त्याचे उत्तर आले. ४१.३७ ते ४१.३९. आकड्यावर न थांबता त्याने बोल्टमधून फायरिंग पिनची (प्रायमरवर आघात करणाऱ्या पिनची) जुळणी आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून, रिकाम्या पुंगळीवर बोल्ट बंद करून पाहिला. न दाबलेल्या पुंगळीवर हँडल अर्ध्यावर अडते, दाबलेल्या पुंगळीवर ते स्वतःच्या वजनाने खाली येते. मोजमापाला हाताची ही साक्ष मिळाल्याखेरीज मी सेटिंग पक्के मानले नसते.

१९ मे २०२४

दोन थाउंसाठी एवढा आटापिटा का, याचे उत्तर आज छायाचित्रांतून मिळाले. भाच्याने जुन्या डब्यातली, आधीच्या सेटिंगवर अनेकदा झाडलेली एक पुंगळी हॅकसॉने उभी चिरली आणि कानस मारून कड साफ केली. बाहेरून तिच्या बुडाच्या सुमारे एक सेंटिमीटर वर केसासारखी एक उजळ रेघ दिसत होती, एवढेच. आतून त्याच जागी भिंतीत गोल फिरलेली खोबण आहे, आणि तेथे पितळ शेजारच्या जाडीच्या निम्म्यावर आलेले दिसते.

कारण सरळ आहे. खांदा गरजेपेक्षा जास्त मागे रेटला, की पुंगळी चेंबरमध्ये आखूड पडते. फायरिंग पिनचा फटका तिला पुढे ढकलतो, दाब वाढताच पातळ पुढचे अंग भिंतीला घट्ट चिकटते, जाड बूड मात्र मागे रेटले जाऊन बोल्टला टेकते, आणि या दोघांमधला पट्टा ताणला जातो. प्रत्येक बाराला थोडा. शेवटी पुंगळी तेथेच दोन तुकडे होते.

ही खोबण बाहेरून दिसण्याआधी आतून हाताला लागते. कागदाला लावायच्या तारेच्या क्लिपचे टोक काटकोनात वाकवून, घासून अणकुचीदार करायचे आणि पुंगळीच्या आत बुडापासून वर ओढायचे. टोक जेथे अडखळते तेथे खोबण आहे. भाच्याने सगळा जुना डबा असा तपासला आणि अडखळलेल्या पुंगळ्या चेपून टाकल्या. अॅनिलिंगने मान तरुण होते; ताणून पातळ झालेली भिंत पुन्हा जाड होत नाही.

१६ जून २०२४

पावसाळा सुरू झाल्यावर माझ्या कपाटातल्या उरलेल्या नळ्या पाहिल्या आणि एक जुनी गोष्ट भाच्याला कळवायची राहिल्याचे लक्षात आले. ब्रिटिश फौजेच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात मोहिमा मंदावत आणि दारूगोळा तबेल्यांत साठवून ठेवत. कोरडा मोसम आला की पितळी काडतुसांना, विशेषतः गोळीभोवती मान आवळलेली असते तेथे, तडे गेलेले आढळत. याचे कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडले: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि थंड ओढलेल्या पितळात कोंडून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ तडकते. यांतला एक घटक काढला तरी तडा जात नाही.

ॲरिझोनाची हवा कोरडी आहे आणि तेथे तबेला नाही, पण अमोनिया असलेली पितळ चकचकीत करण्याची द्रवे दुकानात मिळतात, आणि पुंगळ्यांना ती कधीच लावू नयेत. येथे आपण देव्हाऱ्यातली पितळी भांडी चिंचेने घासतो. तिकडे पुंगळ्यांसाठी सौम्य सायट्रिक आम्लाचे पाणी वापरतात, आणि दोन्हींत धोका एवढाच, की जास्त वेळ ठेवले तर पृष्ठभागावरचे जस्त निघून गुलाबी तांबे दिसू लागते. काही मिनिटे पुरेत, मग भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणे.

यापुढची व्यवस्था अशी ठरली आहे. प्रत्येक डब्यावर किती वेळा झाडले आणि शेवटचे अॅनिलिंग कधी झाले ते लिहायचे, डबे मिसळायचे नाहीत, आणि अॅनिलिंग दर बारानंतर करायचे, म्हणजे साईजिंगच्या वेळी धातू नेहमी एकाच अवस्थेत असेल. माझ्या रिंगवर आता वेगवेगळ्या वेळा तापवलेल्या तुकड्यांची मालिका लावतो आहे. ४०० अंशांना दोन सेकंद आणि सहा सेकंद यांत स्प्रिंगबॅक किती बदलतो ते पाहायचे आहे, कारण भाच्याच्या ज्योतीची वेळ ठरवताना तोच आकडा लागेल.